एकोणीसचं सील

भरतीच्या दिवशी चीफसाहेबांनी गाव विचारलं.
दर्यापूर तालुका, म्हणालो.
मग पोहता येत असेल, म्हणाले, नि पोट धरून हसले.
येत होतं की. पूर्णेत शिकलो.
पण वर्षातून चारच महिने.

बावीस वर्षं मी जहाजावर नव्हतो, जहाजांच्या मागे होतो,
भांडारात.
तोफ कोणी डागली ते पेपरात येतं.
त्याआधी पिठाची सहाशे पोती, डिझेलची पिंपं,
दाढीचा साबण, देवाच्या फोटोसाठी खिळे
कोणी चढवले, ते माझ्या वहीत.

मग बेटावर पाठवलं.
नकाशावर तो ठिपका पाहून
मला वाटलं, कारकुनाची शाई सांडली.
जहाज एकवीस दिवसांनी, लाट असेल तर तिसाव्या.
कांदा सतराव्या दिवशी नरम पडतो.
बटाटा तग धरतो.
पत्र नासत नाही, फक्त शिळं होतं:
मुलगी झाल्याचं मला कळलं
तेव्हा ती इकडे कुशीवर वळायला लागली होती.

चहूकडे पाणी, आणि प्यायला माणशी अकरा लिटर.
खाऱ्याचं गोडं करणारं एक मशीन होतं.
त्याच्या पंपाचं सील गेलं.
रबराचं, अंगठीएवढं. अठरा मिलिमीटर.
मागणीपत्र भरलं, तीन प्रतींत.
पहिलं परत आलं, पान क्रमांक नाही म्हणून.
दुसऱ्याचं काय झालं, अजून माहीत नाही.
तिसऱ्यावर लाल शिक्का मारला, तातडीचा,
आणि एकाहत्तराव्या दिवशी
लाकडी खोक्यात, भुशात, मेणकागदात
पाळण्यातल्या बाळासारखं निजून
एकोणीसचं सील आलं.

अख्खा समुद्र बिनचूक ओलांडला त्यानं,
चुकलं ते एका मिलिमीटरनं.
कुरियननं सायकलच्या ट्यूबमधून वॉशर कापून बसवला.
गळायचा थोडा. खाली बादली ठेवली.
बादलीचीही मी नोंद केली.

आता गावी असतो. खारपाणपट्टा.
विहिरीचं पाणी जिभेला लागलं की मी परत बेटावर.
पारावरचा नथ्थू म्हणतो,
"काउन गा नेव्हीवाल्या,
तुह्या समुद्राचं पाणी आमच्या इहिरीत कसं घुसलं?"
मी म्हणतो, "म्या नव्हतं मागवलं, बावा."

गोडं पाणी नळाला येतं नवव्या दिवशी.
पाइपाच्या शेवटच्या टोकाला आम्ही,
आमच्यापुढे फक्त बाभळी.
मागच्या महिन्यात टाकीचा पंप गेला.
तायडे पाणीवाला फोन लावून लावून थकला:
अमरावती म्हणे अकोल्याला विचारा, अकोला म्हणे टेंडर.
मुस्ताकचा टँकर काळ्या मातीत आसापर्यंत रुतला.
बायांनी गुंडांची रांग लावली
आणि गुंडांना उभं ठेवून घरी गेल्या.

मी वही काढली. सवय.
घरं एकशे चौदा, म्हशी साठ, बाळंतिणी दोन.
आधी बाळंतिणी, मग शाळा, म्हशी शेवटी.
सरपंच रुख्माबाई मोहोड यांनी यादी दोनदा वाचली.
"हिशेब बराबर हाय भाऊ," म्हणाल्या,
"पण म्हशीचा मालक मत देते."

रात्री पेटीतून ते सील काढलं.
इतकी वर्षं का जपलं, विचारू नका;
परत पाठवायचा फॉर्म माझ्याकडे नव्हता.
तायडेनं कंदिलाजवळ पंप उघडला,
बोटानं मापलं, मग पट्टीनं.
बावीस.

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे,
आणि हसू कोणाला आधी फुटलं, आठवत नाही.
मग त्यानं आपली सायकल उलटी केली.
मी कात्री आणायला घरी गेलो.

वहीत लिहिलं:
ट्यूब, एक. खर्ची पडली.
सील, एकोणीसचं. शिल्लक.